कलेजीवरचे फोड

गोहलपुरातला तो मटणवाला कलेजी कापताना पाण्याने भरलेला पांढरा फोड दिसला की तेवढा तुकडा न बघताच मागे भिरकावायचा. त्याचा कुत्रा तो वरच्यावर झेलायचा, मग त्याचे हात चाटायचा. आम्ही गिऱ्हाईकं कौतुकाने हसायचो.

त्या रविवारी त्याला खोकल्याची उबळ आली आणि तोंडातून ओट्यावर पिवळं पाणी पडलं. त्यात द्राक्षाच्या सालींसारखे पांढरे पापुद्रे होते. त्याने एक पापुद्रा बोटावर घेतला.

"भैया, ये तो वही है, जो मैं फेंकता हूँ।"

फोडांतल्या त्याच किड्याची अंडी कुत्र्याच्या चाटण्यातून त्याच्या पोटात गेली आणि त्यांची गाठ यकृतात वाढून छातीत फुटली, असं डॉक्टरांनी नंतर सांगितलं. पण तेव्हा तो बोटाकडे बघत उभा होता, आणि मागे कुत्रा सवयीने तोंड वासून वाट बघत होता.