पांढऱ्या रंगाचे दोन हात

दोरीकाकांना खऱ्या नावाने हाक मारली, तर ते मागे वळूनही बघायचे नाहीत. उभा जन्म जुन्या थिएटरचा पडदा ओढण्यात गेला, म्हणून नावही दोरीचंच पडलं. नाटक कितीही भिकार असो, काकांच्या हातून पडदा असा काही सरकायचा की बघणाऱ्याला वाटावं, आता काहीतरी जबरदस्त होणार. बहुतेकदा व्हायचं नाही, पण त्याला काका काय करणार!

पुढे नाटकंच बंद झाली. छताला ओल आली, बाल्कनीच्या कोरीव कठड्याचं लाकूड जागोजागी निखळलं. काका मात्र कमरेला किल्ल्या लावून रोज जायचे, झाडू मारायचे, दोरी एकदा ओढून बघायचे. काकू म्हणायच्या, "सवत आणायचीच होती, तर जरा धडधाकट तरी बघायची!"

मग थिएटर पाडून तिथे दुकानं काढायचं ठरलं. गावभर हळहळणारे पुष्कळ होते, पण पदर खोचून उभी राहिली ती एक आर्किटेक्टबाई. कचेऱ्यांचे उंबरे झिजवून तिने एवढं पदरात पाडून घेतलं, की जुन्या इमारतींची समिती येऊन बघेल आणि थिएटर अस्सल जुनं ठरलं तर त्याला कोणी हात लावणार नाही. तिने काकांना दारातच गाठलं.

"काका, सोमवारी समिती येतेय. आता सगळं त्यांच्या बघण्यावर आहे. तुम्ही जरा लक्ष द्या."

एवढं बोलून ती पुढच्या कचेरीत पळाली. लक्ष द्यायचं म्हणजे काय करायचं, हे तिने सांगितलं नाही. जे आपल्याला दिवसासारखं स्वच्छ दिसतं ते समोरच्याला सांगावं लागतं, हे भल्याभल्यांना सुचत नाही.

काकांनी लक्ष दिलं. घरी मोठे पाहुणे यायचे म्हटल्यावर माणूस फाटकी चादर पुढे ठेवतो का? छतावर निळ्या रंगात सोनेरी वेली काढलेल्या होत्या, त्यांचे पोपडे सुटले होते. ते दिसले तर अब्रू जाईल, म्हणून काकांनी शिडी लावून त्यावर पांढऱ्या ऑइलपेंटचे दोन हात मारले. भिंतींच्या भेगांत सिमेंट लिंपलं. कोरीव कठडा उतरवून तिथे ओळखीच्या वेल्डरकडून चकचकीत पाइप बसवून घेतला. उतरवलेलं लाकूड कोणीतरी जळणाला नेलं. काकूंनी कुरकुरत का होईना, शिडी धरली. शेवटी दोघं मधल्या रांगेत बसून वर बघत राहिली. काकूंनाही पहिल्यांदाच सवत देखणी वाटली.

सोमवारी समिती आली. साहेबलोकांनी मान वर करून छत बघितलं, पाइपवरून हात फिरवला.

"हे काम कोणी केलं?"

"मी, साहेब! आम्ही नवराबायकोंनीच." काकांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. शेजारी आर्किटेक्टबाई पांढरीफटक पडली होती. काकांना वाटलं, धावपळीने दमली असेल बिचारी.

"मग यात जुनं काय राहिलंय?" साहेबांनी विचारलं.

"काहीच नाही, साहेब!" काका अभिमानाने म्हणाले. "सगळं नवं कोरं करून टाकलंय!"

साहेबांनी मान हलवली आणि समिती निघून गेली. बाई पहिल्या रांगेतल्या खुर्चीत मटकन बसली. तिला रागवायचं होतं, पण काकांच्या तोंडाकडे बघून ते तिला जमलं नाही. "काका," ती म्हणाली, "ते जुनंच बघायला आले होते हो."

काकांना कळायला जरा वेळ लागला. कळलं तसे ते घरी गेले, काकूंची भाजीची सुरी घेऊन आले आणि शिडीवर चढले. पांढरा रंग सहज सुटला. पण त्याच्या पाठीला चिकटून निळा रंगही आला, सोनेरी वेलीसकट, आणि मागे उघडा गिलावा राहिला. त्यांनी दुसऱ्या कोपऱ्यात करून बघितलं, मग तिसऱ्या. शेवटी काकूंनीच त्यांना खाली बोलावलं. बाईने तसला एक पोपडा नेऊन साहेबांना दाखवला. साहेब म्हणाले, पोपड्याला इमारत कसं म्हणायचं?

पाडायला सुरुवात झाली तेव्हा काका-काकू समोरच्या फुटपाथवर उभे होते. यंत्राने छताला धक्का दिला, आणि पांढऱ्या रंगाचे पापुद्रे उलटेसुलटे होत रस्त्यावर पडले. सगळा रस्ता निळा झाला. कामावरच्या एका मजुराने त्यातला एक उचलून उन्हात धरला, तशी त्यावरची वेल चमकली.

"हे तर लई जुनं दिसतंय हो, काका," तो हळहळला. "पाडायच्या आधी कोणी विचारलं नाही का?"

"विचारलं ना," काका म्हणाले. "मलाच विचारलं. मीच नाही म्हणालो."