मॅडम, कुठल्या बाजूला चाललात?

ॲरिझोनातल्या चँडलर गावात तत्त्व म्हणून गाडी न ठेवणारी मी एकटीच आहे. बाकीचे बिनगाडीवाले सत्तरीच्या पुढचे आहेत आणि त्यांचा तत्त्वाशी संबंध नाही. मुलांनी त्यांना हौसेनं भारतातून आणलं, आणि मग मुलं चिप्सच्या कारखान्यात (खायच्या नव्हे, कॉम्प्युटरच्या) लांबलचक शिफ्टला निघून गेली.

या मंडळींना डॉक्टरकडे, लायब्ररीत, एकमेकांच्या घरी नेण्यासाठी आम्ही एक संस्था चालवतो. संस्था म्हणजे एक जुनी व्हॅन, अध्यक्ष बाबा, खजिनदार आई आणि ड्रायव्हर मी. मे महिन्यात व्हॅनचा एसी मेला. ॲरिझोनाच्या उन्हाळ्यात एसीशिवाय व्हॅन म्हणजे चाकं लावलेला तंदूर! दुरुस्तीचा खर्च ऐकून खजिनदारांनी मेकॅनिकला ‘थँक यू सो मच’ म्हटलं आणि फोन ठेवला. कुठून तरी पैसे आले नाहीत तर संस्था बंद, इतकं ते सरळ होतं.

म्हणून मी इथल्या कम्युनिटी फाउंडेशनकडे अर्ज केला. गावातले सधन लोक पैसे एकत्र ठेवतात आणि हे फाउंडेशन त्यातून छोट्या संस्थांना अनुदान देतं. अर्जात ‘गरज स्पष्ट करा’ असा रकाना होता. आता, बाबा नागपूरच्या कॉलेजात असल्यापासून चळवळीची पत्रकं वाटायचे, आणि ती ट्रंकभर पत्रकं त्यांनी अमेरिकेत आणली. इतर मुली गोष्टी ऐकत झोपल्या, मी निषेध ऐकत झोपले. त्या रकान्यात मी भांडवलशाही, शहररचना आणि मोटारींची मक्तेदारी यांची सालटी काढली. शेवटी लिहिलं की आम्ही दान मागत नाही, हक्क मागतो.

“यात एसी कुठाय?” आईनं वाचून विचारलं.

“तो अध्याहृत आहे.”

“अगं, अध्याहृत कॉम्प्रेसर बसवतो का कोणी?”

तरीही फाउंडेशनचं उत्तर आलं. लिंडा नावाच्या अधिकारी बाई घरी पाहणीला येणार होत्या. ‘ज्यांना गरज आहे त्यांच्याशी मला बोलायचंय.’ मला आनंद झाला. गरजेचा तर आमच्याकडे महापूर होता! व्हॅन बंद पडल्यापासून देशमुख काकू मला रोज फोन करत होत्या. “मुक्ता, मी भिंतींशी बोलायला लागलेय गं. आणि इथल्या भिंतीपण इंग्लिशमध्येच उत्तर देतात.” मी त्यांना, कुलकर्णी काकांना आणि सावंत मावशींना बोलावलं. प्रत्येकाला बजावलं, “जे आहे ते खरं सांगा. बास.”

“म्हणजे काय, सांगूच की,” तिघंही म्हणाले.

पाहणीच्या दिवशी बाबांनी ऑफिसला जाता जाता आपल्या गाडीतून तिघांना आमच्या घरी सोडलं. परत न्यायला ते संध्याकाळी येणार होते. लिंडाबाई आल्या, पोहे खाल्ले, पेन काढलं. भाषांतराला मी. त्यांनी देशमुख काकूंना विचारलं, “तुम्हाला घरात एकटं वाटतं का?”

काकूंनी पदर सावरला. “छे हो! माझा मुलगा मला फुलासारखी ठेवतो.”

मी काकूंकडे पाहिलं. काकूंनी छताकडे पाहिलं. माझ्या डोक्यात एक सोयीस्कर भाषांतर तयार होतं, पण पत्रकांवर वाढल्याचा हा तोटा. जसंच्या तसं सांगितलं. लिंडाबाई हसल्या आणि काहीच लिहिलं नाही.

कुलकर्णी काका पुण्यात बँकेत मॅनेजर होते, त्यांना भाषांतर नको असतं. “नो प्रॉब्लेम ॲट ऑल, मॅडम. आय वॉक डेली.”

“या उन्हात? कुठे?”

“इन द हॉल. सोफा टू फ्रिज.”

उरल्या सावंत मावशी. “मला कसली गो गरज?” त्या म्हणाल्या. “गरज आहे ती या मुलीला. ना लग्न, ना गाडी. हिलाच काय ते द्या. आणि ती बाई काहीच खात नाही, तिला अजून वाढ.”

(हेही मी भाषांतरित केलं. तत्त्व म्हणजे तत्त्व.)

लिंडाबाईंनी पेनला टोपण लावलं. तुमचे ज्येष्ठ इतके सुखात आहेत हे बघून फार बरं वाटलं, म्हणाल्या. कदाचित दुसऱ्या एखाद्या वस्तीला जास्त गरज असेल. आई माझ्याकडे बघत होती आणि मी उरलेल्या पोह्यांकडे. संस्था संपली होती, आणि तिला मी शब्दशः भाषांतर करून संपवलं होतं.

बाईंनी पर्समधून गाडीची किल्ली काढली. किल्ली वाजली आणि कुलकर्णी काका ताठ बसले.

“मॅडम, व्हिच साइड यू आर गोइंग?”

“डाउनटाउन फीनिक्स.”

“अरे वा! म्हणजे माझ्या घरावरूनच.” (काकांचं घर बरोबर उलट दिशेला आहे.)

देशमुख काकू चपला घालून दारात होत्या. मावशींनी डबा भरून घेतला होता. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. परक्या बाईसमोर गरज सांगणं म्हणजे मुलाची बेअब्रू. पण कोणी त्याच बाजूला चाललं असेल तर गाडीत बसणं ही फक्त सोबत!

काकू पुढे, आम्ही तिघं मागे, मावशींचा डबा माझ्या मांडीवर. आधी काकांच्या औषधांसाठी फार्मसी. मग मावशींच्या कोथिंबिरीसाठी इंडियन ग्रोसरी. मग काकूंच्या एका मैत्रिणीकडे ‘दोन मिनिटं’. तिथे लिंडाबाईंना चहा घ्यावा लागला आणि निघताना कपाळाला कुंकूही लागलं.

गाडीतल्या गार हवेत काकूंची जीभ सैल झाली. खिडकीबाहेर बघत त्या म्हणाल्या, “किती दिवसांनी रस्ता बघतेय मी.” बाईंनी आरशातून माझ्याकडे पाहिलं. मी भाषांतर केलं.

मग काका मराठीतच बोलले, हळू. “डोळ्यांच्या डॉक्टरसाठी मुलानं दोनदा सुट्टी घेतली. तिसऱ्या वेळी मी सांगितलं, अपॉइंटमेंट कॅन्सल झाली म्हणून. झाली नव्हती.”

तेही मी सांगितलं. बाईंनी गाडी कडेला घेतली आणि पेन काढलं.

तिघांना सोडून झाल्यावर त्यांनी मला विचारलं, “हे अर्जात का नाही लिहिलंस?”

“अर्जात मी व्यवस्थेबद्दल लिहिलं होतं.”

“वाचलं मी,” बाई म्हणाल्या. “दोनदा. त्यात एसी कुठे आहे ते काही सापडलं नाही.”

पुढच्याच महिन्यात अनुदान मंजूर झालं. फोन ठेवून आई चक्क खाली जमिनीवर बसली, आणि मी तिच्या शेजारी. कॉम्प्रेसर बसला. पहिल्या फेरीला तिघंही व्हॅनमध्ये, काकांची डोळ्यांची अपॉइंटमेंट, थंडगार वारा. माझं मन भरून आलं. मी आरशात बघत सुरुवात केली, “एक लक्षात ठेवा, ही कोणाची कृपा नाही, हा आपला सामूहिक...”

“मुक्ता,” मागून कुलकर्णी काका म्हणाले, “एसी चालू राहू दे. तू बंद हो.”