झाडांचं पाणी

आमच्या घराण्यातली पहिली ग्रॅज्युएट मी. नर्सिंगची डिग्री घेऊन परभणीकडून चाकणला आले आणि एका कंपनीच्या दवाखान्यात लागले. जोडीला केरळची एक सिस्टर होती. इथं राहून तिचं मराठी माझ्याहून तिखट झालेलं.

त्या एप्रिलात कंपनीला हवामानाची काळजी वाटायला लागली. वृक्षारोपण ठरलं. एप्रिलात रोप लावू नये एवढं शेतकऱ्याच्या पोरीला कळतं. पण पाहुण्यांना सवड एप्रिलातच होती. मांडव पाहुण्यांसाठी, ऊन खड्डे खणणाऱ्या कंत्राटी कामगारांसाठी. आम्हा दोघींना 'आपत्ती व्यवस्थापन' अशी पाटी लावलेल्या टेबलामागं बसवलं होतं. काम एकच, दिसायचं.

पाहुण्यांना उशीर झाला. फोटोत गर्दी दिसावी म्हणून कामगारांना खड्ड्यांपाशीच उभं ठेवलेलं. त्यातला एक जण स्वतः खणलेल्या खड्ड्यात कोसळला. अंग तव्यासारखं तापलेलं, बडबड असंबद्ध. उष्माघात. अशा माणसाला आधी गार करायचं, मग हलवायचं. नाहीतर तो वाटेतच जातो.

शेजारीच टँकर उभा होता. मी पाइप ओढला तसे सेफ्टी ऑफिसर धावत आले.

"सिस्टर, ते झाडांचं पाणी आहे. साहेबांच्या हस्ते घालायचंय."

"मग झाडांना सांगा थोडं थांबायला."

टँकरवाला शेजारच्या निघोजे गावचा, कंपनीच्या पगारावर नसलेला. त्यानं कुणालाच न विचारता कॉक सोडला.

आम्ही त्या कामगाराला भिजवतोय, पुठ्ठ्यानं वारा घालतोय, तेवढ्यात पाहुणे आले. त्यांना वाटलं, प्रात्यक्षिक चाललंय. त्यांनी टाळ्या वाजवल्या, म्हणून सगळ्यांनीच वाजवल्या. ऑफिसरांनी खुलासा केला नाही. उलट मला हळूच विचारलं, पेशंटचं तोंड जरा मांडवाकडं करता येईल का.

अंग जरा निवल्यावर त्याला कंपनीच्या अॅम्ब्युलन्समध्ये घेतलं, पण ती निघेना. गेटात पाहुण्यांचीच गाडी आडवी. केरळची सिस्टर सरळ त्यांच्यापुढं जाऊन उभी राहिली.

"साहेब, टाळ्या पुरे. गाडी काढा. माणूस खरा आहे."

गाडी हलली, अॅम्ब्युलन्स निघाली. पुढं रस्त्यावर ट्रकांच्या रांगेत आम्ही अडकलो, तेव्हा ओल्या चादरीखालून आवाज आला, "सिस्टर, लई गार लागायलंय."

मी चादर काढली. नाव विचारलं, गाव विचारलं. दोन्ही त्यानं नीट सांगितलं. माझ्या शेजारच्याच तालुक्यातला निघाला.