माकुलाच्या हृदयातली वीज

आम्ही जुने वर्गमित्र भेटलो, की यवतमाळच्या कॉलेजातली प्राणिशास्त्राच्या लॅबचा विषय निघतोच. सांगावं तेवढं थोडं! सालं साठच्या आसपासची. वर्गात मुलगी एकच, बोरी अरब गावची शेवंता. वडिलांनी तिला बजावलं होतं, "पास झाली त शिक. फेल झाली का लगीन!"

*

मुंबईहून बरणीत घातलेलं माकूल आलं, म्हणजे समुद्रातला दहा हातांचा मऊ प्राणी. समुद्र आमच्यापैकी कुणीच पाहिला नव्हता. सर म्हणाले, "याला तीन हृदयं असतात."

लॅबचे शिपाई गणपतराव बरणी पुसता पुसता थांबले. "तीन? अन् तरी मेलं!"

*

सरांनी फळ्यावर हृदयाची पेशी काढली. सोडियम आत शिरतं, पोटॅशियम बाहेर पडतं, त्यातून वीज वाहते आणि ठोका पडतो. कॉलेजातले दिवे तेव्हा घडीघडी जायचे. मी विचारलं, "सर, माकुलाची लाइट जात नाही का?"

"जाते. एकदाच."

*

जिवंत माकूल कुठून आणणार? प्रॅक्टिकलला बेडूकच. त्याचं हृदय क्षारांच्या द्रावणात ठेवायचं, मग ठोक्यांची रेघ काजळी धरलेल्या कागदावर उमटायची. आमच्या वर्गातल्या वणीच्या मधूनं काजळीचाच हात नाकाखाली फिरवला.

सर म्हणाले, "मिशी फुटली. रेघ कुठाय?"

*

आणि वार्षिक परीक्षा! नागपूरचे परीक्षक समोर बसलेले. पाचच मिनिटांत सगळ्यांच्या टेबलांवरची हृदयं बंद! ज्याच्याशिवाय ठोका पडत नाही, ते कॅल्शियमच द्रावणात घालायचं राहिलं होतं, अन् कॅल्शियमची बाटली पाहिली तर रिकामी. परीक्षक म्हणाले, "रेघ नाही, तर मार्क नाहीत."

शेवंताचे डोळे भरले. मला तर तिचं लग्नच दिसायला लागलं, फार वाईट वाटलं. तेवढ्यात तिनं डोळे पुसले अन् गणपतरावांना कॉलेजच्या विहिरीचं पाणी आणायला लावलं. त्या पाण्यानं हंड्याला पांढरे थर बसायचे. तिनं त्यातच मीठ आणि पोटॅशियम नव्यानं मोजून विरघळवलं.

मी पुटपुटलो, "गेली ही!"

तिनं द्रावण हृदयावर सोडलं. रेघ जरा थरथरली, मग नीट चालायला लागली. परीक्षकांनी वाकून रेघ तपासली. पूर्ण मार्क लिहिले, पेनाला टोपण लावलं आणि मग विचारलं, "डिस्टिल्ड वॉटर सोडून विहिरीचं पाणी? हे तुला कुणी शिकवलं?"

"मायनं, सर. ज्या पाण्यात दाळ शिजत नाही, त्यात चुना हाय म्हणते!"