साहेबाच्या बियाण्याला गरम पाणी

चहा घ्या आधी, गार होतोय. आणि ते नेहमीचं विचारू नका. 'सरकारी शेतकी खात्यात आहात ना, मग पायाला चिखल कसा कधी दिसत नाही?' हेच ना? सगळे हेच विचारतात. सांगून सांगून जीव दमला माझा. पण तुम्ही नवे आहात, तुम्हाला एकदा सांगावंच लागणार. हसायचं नाही मात्र. बरं, हसा! सगळं गिरगाव हसून बसलंय, तुम्ही तेवढे मागे कशाला राहता?

प्लेग यायच्या आधीची गोष्ट. मी नुकता कॉलेजातून बाहेर पडलेलो. वनस्पतिशास्त्र तोंडपाठ, आणि भातशेत म्हणाल तर मालवणला जाताना बोटीच्या कठड्यावरून लांबून पाहिलेलं. अशा माणसाला नोकरी कुठली लागावी? भाताची नवी जात काढणाऱ्या साहेबाचा मदतनीस! तीही हंगामी. म्हणजे प्रयोग चालू तोवर मी चालू, प्रयोग बंद की मी बंद.

आमची ही तेव्हा मालवणला, सासऱ्यांकडे. सासऱ्यांनी स्वच्छ सांगितलं होतं, "जावईबापू, कायम झालात की मुलीला बोटीत बसवतो. तोवर नाही." लग्न होऊन बसलं होतं आणि बायको समुद्रापलीकडे! गिरगावच्या खोलीत मी आणि माझी विधवा आत्या. आत्या रोज ताट वाढताना विचारायची, "सदू, झालंस रे कायम?" मी मान खाली घालून भात कालवत राहायचो.

साहेब मात्र देवमाणूस. मराठीची परीक्षा दिलेला, त्यामुळे आमच्यापेक्षा शुद्ध बोलायचा. परळला टेकडीखाली सरकारी खाचरं होती, तिथं हा भाताची लग्नं लावायचा. हो, लग्नंच! कोकणातला एक दणकट तांबडा भात, आणि कुठल्या लांबच्या मुलखातला एक बारीक, वासाचा. एकाच्या फुलातले पराग दुसऱ्याच्या फुलावर घालायचे. भाताचं फूल कधी पाहिलंय? तिळाएवढं असतं हो! ते चिमट्यानं उघडायचं, आतले नर-तुरे काढायचे, वर परकी पूड झटकायची आणि कागदाची टोपी घालायची. हे सगळं भर पावसात, गुडघाभर चिखलात, एका हातात छत्री धरून. गिरगावातून ट्राम नेईल तिथवर ट्रामनं, पुढं पायी, आणि संध्याकाळी तसंच परत. पाठीचा काटा ढिला झाला माझा. चाळीत मला 'भाताचे भटजी' म्हणायला लागले.

दोनतीन पावसाळे असे घासल्यावर एवढीशी पिशवीभर बियाणं जमलं. साहेब त्या पिशवीकडे असा बघायचा, जसं काही घरातलं पहिलं नातवंड.

पुढच्या पेरणीआधी साहेब महाबळेश्वरला निघाला. उन्हाळ्यात साहेबलोक मुंबईत राहतात थोडेच! जाताना पिशवी माझ्या हातात देऊन म्हणाला, "सदाशिवराव, या बीजांवर काणी रोगाचे अंश आहेत. विलायतेत यांस गरम पाण्याचे स्नान घालतात, त्याने रोग मरतो. तेवढे करून वाळवावे आणि वाफ्यात पेरावे. आपणांस जमेल?"

"साहेब," मी छाती काढून म्हटलं, "कोकणातला माणूस आहे मी. भाताला गरम पाणी कसं द्यायचं ते आम्हाला शिकवायला नको."

साहेब बिचारा खूश झाला. तो पुढं पाणी किती गरम, किती वेळ, हे सांगायला लागला होता. मीच म्हटलं, "आपण निश्चिंत जा, गाडी चुकेल." आता बोला!

खाचरावर चूल नव्हती, म्हणून पिशवी घरी आणली. आत्यानं हात घालून भात पाहिला.

"सदू, ह्या उकडूचा काय?"

"सरकारी आहे. गरम पाणी द्यायचंय."

"म्हणजे उकडूचाच मां?"

आता लक्षात घ्या, आमच्या घरात भाताला गरम पाणी म्हणजे एकच गोष्ट. उकडे तांदूळ! भात भिजत घालायचा, मग चुलीवर चढवायचा, टरफल फुटेपर्यंत शिजवायचा आणि वाळवायचा. पेज होते ना, त्याची. मालवणचा माणूस दुसरं काही करूच शकत नाही. मी म्हटलं, "हो, तेच."

"खाऊक?"

"सरकारी कामात फार विचारू नये आत्या."

ही माझी ऐट! एवढं एक वाक्य तोंडातून गेलं नसतं ना, तर आज...! जाऊ द्या.

आत्यानं भात रात्रभर भिजवला आणि सकाळी पातेलं चढवलं. मी शेजारी पाटावर बसून शास्त्र लढवत होतो. मनात म्हटलं, वा! काय साहेबाचं डोकं! कोंब बाहेर यायचा म्हणजे त्याला टरफल फोडायला किती कष्ट. आपणच आधी फोडून दिलं की वाट मोकळी! कॉलेजात शिकलेला माणूस मी. पाणी खदखदत होतं आणि मी खूश होत होतो. आत्या म्हणाली, "झालासा वाटता, उतरू?" मी म्हटलं, "अजून थोडं होऊ दे, सरकारनं नावं ठेवायला नकोत."

मग गॅलरीत चटईवर वाळवलं. उकड्या भाताचा वास चाळभर सुटला. मालवणची मंडळी दारातून डोकावून जायची, "पेज कधी?" मी त्यांना हाकलत होतो, "सरकारी आहे, हात लावू नका!"

पेरलं. परळला आमचा माळी होता, धोंडू. त्यानं वाफा केला, पाणी घातलं. मी रोज जाऊन वाकून बघायचो. काही नाही! पलीकडे नायगावच्या खाचरांत हिरवंगार झालं, आणि आमचा वाफा टकलासारखा चकचकीत.

"धोंडू, असं का रे?"

"चिमण्या असतील रावसाहेब."

बुजगावणं उभं केलं. काही नाही. धोंडू म्हणाला, मुंग्या असतील. मुंग्यांना राख टाकली. मग म्हणाला, खेकडे. खेकड्यांच्या मागे धावलो. मग म्हणाला, कुणाची तरी नजर. अहो, मी वनस्पतिशास्त्राचा माणूस, पण त्या वाफ्यावरून लिंबू-मिरचीसुद्धा ओवाळून टाकली! बायकोचा चेहरा दिसत होता ना डोळ्यांपुढं. उगवलं नाही तर प्रयोग बंद, प्रयोग बंद तर मी घरी, आणि ही जन्मभर मालवणला. भीतीनं झोप उडाली होती माझी.

साहेब परतला. वाफ्यापाशी उकिडवा बसला. माती उकरून एक कुजका दाणा बोटावर घेतला. मग हळूच म्हणाला, "सदाशिवराव, दोष आपला नव्हे. घोडा आणि गाढव यांची संतती खेचर होते, आणि खेचर वांझ असते. हे दोन भात परस्परांस परके होते. त्यांची संतती वांझ निघाली. माझा मार्गच चुकला."

माणसाचे डोळे भरून आले होते हो! मलाही वाईट वाटलं. त्याहून जास्त स्वतःचं वाटलं, खोटं कशाला बोलू?

साहेबानं पुण्याहून थोरल्या साहेबाला बोलावलं. काम बंद करायचं म्हणून. थोरला साहेब म्हणजे मिशा, काठी आणि कपाळाला आठी. वाफ्याकडे बघून त्यानं एकच विचारलं, "बियाण्याला गरम पाणी नीट दिलं होतं?"

मला वाटलं, हीच वेळ! आपण किती मेहनती आहोत हे थोरल्याच्या कानावर गेलं तर दुसऱ्या एखाद्या कामावर तरी ठेवील. पुढं सरसावलो.

"साहेब, नीट म्हणजे? रात्रभर भिजत घातलं होतं!"

आमच्या साहेबानं मान वर केली. "रात्रभर?"

"तर! सकाळी चुलीवर चढवलं. चांगलं खदखदून उकळी आणली. आत्या उतरवत होती, पण मीच म्हटलं, अजून होऊ दे. टरफलं फुटली तेव्हाच खाली घेतलं. कोंबाला वाट मोकळी करून दिली, साहेब! असं उकडलं होतं, की चाळीतले लोक पेज मागायला..."

बोलता बोलता माझं मलाच ऐकू आलं.

धोंडूनं टोपी तोंडावर ओढून पाठ फिरवली, त्याचे खांदे हलत होते. थोरल्या साहेबाची आठी सुटून भुवया पार वर गेल्या.

आमचा साहेब अगदी शांतपणे म्हणाला, "आपण ते शिजवलेत."

"नाही साहेब," मी म्हटलं, "अर्धवटच."

वाटलं, आता हा काठी हिसकावून मला झोडपतो. तर काय! साहेबानं टोपी हवेत उडवली. "वांझ नाही! शिजले म्हणून मेले! वांझ नाही!" असं ओरडत धोंडूला मिठीच मारली. साहेबानं एका बाटलीत त्याच बियाण्याचे मूठभर दाणे दाखवायला म्हणून ठेवलेले होते. ते स्वतःच्या हातानं पेरले आणि मला कुंपणाच्या बाहेर उभं केलं. आठवड्याभरात तरारून आले हो. मी कुंपणावरून बघितलं आणि ढसाढसा रडलो. आनंदानं की कशानं, कोण जाणे.

प्रयोग वाचला. माझं काय? थोरला साहेब म्हणाला, "या माणसाला बियाण्याजवळ नको. पण उकडा तांदूळ करायचं याला जमतंय. त्याच्यावर आमचं वेगळं काम आहे. कोणत्या भाताला किती उकड दिली म्हणजे कांडताना तांदूळ मोडून कणी कमी पडते, ते बघायचं. तिथं चांगलं काम केलंस तर कायम करीन."

देव पावला! पातेली, चुली, पोती, सगळं माझ्या हवाली. आता मी शहाणा झालो होतो ना! मनाशी ठरवलं, या खेपेला विचारल्याशिवाय चूल पेटवायची नाही. पोत्यातला भात भिजवला, ओली पोती एकावर एक रचून झाकून ठेवली, आणि पुण्याला विचारणा धाडली की पाणी नेमकं किती गरम करावं? उत्तर येईना. धोंडू म्हणाला, "रावसाहेब, लावा की चूल." मी म्हटलं, "गप रे! एकदा पोळलोय मी." पोती कोरडी पडू नयेत म्हणून रोज वरून पाणी शिंपडत राहिलो. सरकारी काम, कसूर नको!

उत्तर आलं नाही, थोरला साहेबच आला. माझ्या कायमच्या हुकमाचा कागद घेऊन. म्हणाला, "उकड दाखव." मी पोत्याचं तोंड सोडलं.

आतून पांढरेशुभ्र, बोटभर कोंब उसळून वर आले.

सगळी पोती तशीच! एकही दाणा वाया गेला नव्हता. जे पेरलं ते शिजून मेलं होतं, आणि जे शिजवायचं ते असं उगवलं, की धोंडूनं कौतुकानं हात जोडले. थोरला साहेब एका पोत्यावरून दुसऱ्या पोत्याकडे बघत राहिला. मग मिशीतल्या मिशीत हसायला लागला, आणि हसता हसता मटकन खाली बसला.

कायम केलं त्यानं. खरंच केलं! म्हणाला, "इतका हसलो नव्हतो हिंदुस्थानात आल्यापासून." पण कागदावर शाईनं एक ओळ वाढवली, की या इसमाला धान्याजवळ जाऊ देऊ नये. ही बोटीनं आली. सासऱ्यांनी गावभर पेढे वाटले, जावई सरकारी शेतकी खात्यात कायम झाला म्हणून.

परवा ही म्हणाली, "अहो, इतकी वर्षं झाली, तुम्ही कचेरीत नेमकं करता काय?"

म्हटलं, "साहेबांच्या घोड्यांवर देखरेख."

"म्हणजे घोड्यांना दाण्याची चंदी घालता?"

"नाही गं," मी म्हटलं, "चंदी घालायला दुसरा माणूस आहे."