उलटी माणसं

आमच्या अकोल्याच्या गल्लीतला हा माणूस पूर्वी एका कागदात आठ पानांची चित्रकथा बसवायचा. झेरॉक्स काढायचा, नखानं घड्या दाबायचा आणि अमरावतीच्या बसस्टँडवर नेऊन विकायचा. तेव्हा मोबाईल नव्हते. पहिली प्रत मला द्यायचा आणि वाचून होईपर्यंत समोर उभा राहायचा.

"काकू, हासू आलं काय?"

"नाई आलं."

"मंग पुन्हा काढतो."

कधी चिडायचा नाही. मलाच त्याची चीड यायची.

यंदा त्याला लकवा मारला. वाचा गेली. माणसं ओळखतो की नाही, कोणाला कळेना. काल त्याची सून धावत आली.

"आजी, मामाजी माणसं उलटी काढून राहिले. डोकं गेलं वाटते त्यायचं."

मी जाऊन कागद पाहिला. खालच्या ओळीतली माणसं पायांवर होती, वरच्या ओळीतली सगळी डोक्यावर. मी कागदाला घड्या घातल्या, मधोमध चीर दिली आणि पुस्तक केलं. सगळी माणसं सरळ उभी राहिली. पहिल्याच पानावर सून होती, पदर खोचलेली, तोंड उघडं.

"हे तूच व्हय, बाई," मी म्हटलं. "डोकं जाग्यावर हाय त्याचं. चाय मांड."