फिल्टरमधली बिऱ्हाडं

काका घरी आले की नमस्कार-चमत्कार नंतर. आधी चपला दाराशी, मग सरळ माशांच्या टाकीकडे. उजव्या हाताचं मधलं बोट पाण्यात बुडवायचं, नाकाशी न्यायचं आणि डोळे मिटून हुंगायचं. आपण चहाचं आधण ठेवून वाट बघायची. निकाल दोनच असत. एक तर म्हणत, "खाचर." म्हणजे भाताच्या खाचरातल्या पाण्याचा वास येतोय, सगळं ठीक. नाहीतर नुसती मान हलवत. मान हलली की मी आधण तसंच टाकून टाकीशी धावायची.

तुमच्याही आळीत असा एखादा माणूस असेल. काय विचारावं ते आपल्याला कळत नाही आणि त्याने काय सांगितलं तेही कळत नाही, पण तो येऊन गेला की घरातलं काहीतरी जाग्यावर बसतं. काकांबद्दल माझं शेवटपर्यंत असंच होतं.

त्यांनी उभा जन्म धसईकडच्या एका ग्रामपंचायतीत पाणी सोडायचं काम केलं होतं. नदीवरून पंप चालू करायचा, टाकी भरायची, टाकीत जंतू मारायची पावडर टाकायची आणि वाडीवाडीचे व्हॉल्व्ह उघडायचे. निवृत्त झाल्यावर काकी आणि मुला-सुनेसह मुरबाडला आमच्या आळीत राहायला आले. भिंतीवरच्या दोन तसबिरींखाली त्यांनी माशांची चांगली हातभर टाकी ठेवली होती. मी शाळेत जाताना तिच्यासमोर मांडी घालून बसलेले दिसायचे. "जयभीम बाई," एवढंच म्हणायचे, आणि पुन्हा टाकीकडे वळायचे.

आमच्या घरातली टाकी माझ्या लेकीची. ती शिकायला पुण्याला गेली आणि तीन गोल्डफिश माझ्या गळ्यात घालून गेली. त्यातल्या सगळ्यात जाड्याचं नाव जिलेबी. जिलेबीला लेकीच्या बाबांनी आणलं होतं. ते जाऊन चार वर्षं झाली, मासा मात्र राहिला. "आई, बाकी काही कर, पण जिलेबीला सांभाळ," असं ती एसटीत बसताना म्हणाली. त्या माशाचं काही बरंवाईट झालं तर पोरीला कुठल्या तोंडाने सांगू, याचा मला घोर लागून राहिला.

मी पडले प्राथमिक शिक्षिका. आमच्या वर्गाच्या भिंतीवर स्वच्छतेचे सहा तक्ते आहेत. मी दर रविवारी टाकी रिकामी करायची, काच घासायची, फिल्टरचा स्पंज नळाखाली पांढरा होईपर्यंत पिळायची. महिन्याभरात दोन मासे मेले. उरली जिलेबी. मी घाबरून आठवड्यातून दोनदा टाकी धुवायला लागले, तर जिलेबी वरती येऊन तोंड उघडमीट करायला लागली. जितकं स्वच्छ करावं तितकी ती मलूल. हे गणित माझ्या डोक्यात शिरेना.

फिल्टर जुना झाला असेल म्हणून मी कल्याणच्या दुकानात गेले. दुकानदाराने काउंटरवर बाजारच मांडला. एक फिल्टर टाकीच्या कडेला टांगायचा, एक आत बुडवायचा, एक झाकणावर ठेवायचा, एक खड्यांखाली पुरायचा आणि एक तर डब्यासारखा टाकीच्या बाहेर खाली ठेवून नळ्या लावायचा. "मॅडम, टाकी कितने लिटर की?" त्याने विचारलं. मला आमच्या पिंपाचं माप माहीत, टाकीचं नव्हतं. शेवटी रंग बरा दिसला म्हणून टांगायचा फिल्टर घेऊन आले. त्यात एक पुडी होती. ती दर महिन्याला फेकून नवी घालायची म्हणे.

नवा फिल्टर लावला आणि टाकीत धबधबा सुरू झाला. जिलेबी एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात भेलकांडत होती. मी पुन्हा सगळं पाणी काढलं आणि बादली गटारात ओतत होते, तेव्हा काका समोरून आले. बादलीत बोट बुडवून त्यांनी हुंगलं.

"बाई, कोण मारतंय माशांना?"

"मारतंय कोण? मी रोज जीव टाकते त्यांच्यावर!"

"मंग नळाखाली काय धुता?"

"स्पंज. घाण असते ना त्यात."

"ती घाण नाय बाई," ते म्हणाले, "बिऱ्हाडं हायत ती."

मला वाटलं, उन्हाने माणसाचं डोकं फिरलं. पण ते पायरीवर बसले आणि शाळेतल्या पोराला सांगावं तसं त्यांनी मला सांगितलं. मासा त्याच पाण्यात खातो आणि त्याच पाण्यात मुततो. ते मूत माशाला विष. ते खाऊन टाकणारे बारीक जंतू त्या काळ्या स्पंजात घर करून राहतात. त्यांना बसायला महिना-दीड महिना लागतो. आणि नळाच्या पाण्यात जंतू मारायची पावडर असते.

"मी टाकायचो ना ती पावडर. तुमच्या पोटासाठी टाकायचो. ती माशाला पन सोसत नाय न् ह्या बिऱ्हाडांना तर नायच नाय. तुमी दर रविवारी अख्खी चाळ उठवता."

मी पिंपातल्या शिळ्या पाण्याने टाकी भरेपर्यंत ते घरी गेले आणि प्लास्टिकच्या पिशवीत काहीतरी काळं, चिकट घेऊन आले. त्यांच्या टाकीतला स्पंजाचा तुकडा होता तो. मी "अहो, अहो" म्हणेपर्यंत त्यांनी तो माझ्या नुकत्याच भरलेल्या स्वच्छ टाकीत पिळला. पाण्याचा चहा झाला. जिलेबी दिसेनाशी झाली. मला रडू फुटलं आणि रागही आला. काका मात्र बोटाने पाणी ढवळत होते. "बिऱ्हाड बसायला टाइम द्या बाई," म्हणाले आणि चहा न घेताच गेले.

लेकीला फोन केला तर ती म्हणाली, "आई, मी व्हिडिओ बघून सांगते." तिने पाच व्हिडिओ पाहिले आणि पाच वेगळ्या गोष्टी सांगितल्या. एक ना धड भाराभर चिंध्या. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर पाणी नितळ, आणि जिलेबी तळाशी खडे उकरत बसलेली. मी खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले आणि शाळेला उशीर केला.

मग काकांनी माझा फिल्टर हाती घेतला. दुकानाची पुडी काढून बाजूला टाकली. "महिन्याला बिऱ्हाड रस्त्यावर काढायचा धंदा हाय हा," म्हणाले. आमच्या शाळेचं छप्पर उतरवून पत्रे घातले होते, जुनी कौलं मागे रचलेली होती. त्यातली दोन मी पिशवीतून आणली. काकांनी ती फोडून सुपारीएवढे तुकडे केले, उकळले आणि फिल्टरच्या तळाशी भरले. कौलाला बारीक भोकं असतात, त्यात जंतूंना खोल्या मिळतात, असं त्यांचं म्हणणं. वर जाड स्पंज, त्यावर बारीक. आणि तो धबधबा? पाण्याची रिकामी बाटली उभी कापून त्यांनी फिल्टरच्या तोंडाला अडकवली. धार काचेवर आपटून हळूच पसरायला लागली. "हिला नदीत राहायचं नाय, तळ्यात राहायचंय," ते जिलेबीकडे बघत म्हणाले.

मी एक वही केली होती. काकांनी सांगितलेले नियम लिहायचे, म्हणजे चुकायला नको. पहिल्या पानावर आहे, 'स्पंज कधीही धुऊ नये.' चौथ्या पानावर, 'स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यात धुवावा.' एके ठिकाणी 'पाणी बदलू नका', पुढे 'दोन बादल्या बदला'. शेवटी वैतागून मी म्हटलं, "काका, एकदा काय तो एक नियम सांगा."

"नियम असता तर मलापन बरं झालं असतं," ते म्हणाले. मी हेही वहीत लिहिलं.

दुपारची वीज गेली की त्यांचा फोन यायचा. "बाई, बत्ती गेली. तुमच्या किल्लीनं दार उघडून स्पंज टाकीत सोडतो. पानी थांबलं की बिऱ्हाडं कोंडून मरतील." शाळेत मी पोरांना पाढे म्हणायला लावलेले असायचे आणि फोनवर जंतूंची चौकशी चाललेली असायची. सहकारी शिक्षक विचारायचे, घरी कोण आजारी आहे का.

एकदा मी त्यांना विचारलं, इतकी वर्षं गावाला पाणी पाजलंत, कंटाळा कसा आला नाही? ते हसले. म्हणाले, नोकरी लागली तेव्हा गावात एक म्हातारी होती. खालच्या वस्तीतल्या माणसाने व्हॉल्व्ह उघडला म्हणून ती पहिला हंडा भरून ओतून द्यायची, मग पुढचा घरात न्यायची.

"मग तुम्ही काय केलंत?"

"काय करनार? तिच्या आळीचा व्हॉल्व्ह पाच मिनिटं जादा चालू ठेवायचो. तिचं ओतून झाल्यावर बाकीच्यांना कमी पडायला नको."

मला हसावं की काय करावं ते समजेना. त्यांच्या तोंडावर राग शोधला, तो दिसला नाही. नव्हता, की मला दिसला नाही, याचा उलगडा मला अजून झालेला नाही. त्यांनी नेहमीप्रमाणे पाण्यात बोट बुडवलं. "जलमभर मारायचं काम केलं बाई. आता जरा पोसतो," एवढंच म्हणाले.

गेल्या हिवाळ्यात काका चार दिवसांच्या आजाराने गेले. दवाखान्यात मी भेटायला गेले तेव्हा नाकाला नळी होती. त्यांनी बोट जरासं वर केलं. मी म्हटलं, "खाचर, काका. अगदी खाचर." त्यांनी डोळे मिटले. माझ्याशी झालेलं त्यांचं हे शेवटचं बोलणं, आणि त्यात बोलले मीच.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाच्या दिवशी मी सकाळीच त्यांच्या घरी गेले. घर लख्ख होतं. आदल्या दिवशी सुनेने सगळं घासूनपुसून काढलेलं. येणाऱ्या माणसांनी काकांची टाकी बघावी म्हणून बिचारीने तीही धुतली होती. काच अशी की आरपार दिसावं. खडे पांढरे. आणि फिल्टरचा स्पंज कपड्यांच्या साबणाने धुऊन नव्यासारखा केलेला. टाकीतले सगळे मासे वरती आले होते आणि तोंडं उघडमीट करत होते.

"बघा ना बाई," काकी म्हणाल्या, "कालपासून कायपन खात नाय. ह्यांच्या मागं त्यांनीपन उपास धरलाय वाटतं."

सून दारात पदर धरून उभी होती, डोळे सुजलेले. तिला काय सांगायचं? की तू प्रेमाने केलंस तेच त्यांच्या मुळावर आलं? मी स्वतः दोन मासे याच प्रेमाने मारले होते.

मी घरी आले. माझा फिल्टर उघडला. आत कौलाचे तुकडे, वर काळाशार स्पंज. किती कापावा? अर्धा दिला तर जिलेबीला उरलेला पुरेल का? लेकीला विचारावं तर ती व्हिडिओ बघणार. वही उघडली, तीत दोन्ही उत्तरं होती. आयुष्यात मी इतकी गोंधळलेली बाई, पण त्या दिवशी कात्री घेतली आणि बरोबर मधोमध कापला. अर्धी कौलं काढली. सगळं शाळेच्या डब्यात टाकीच्याच पाण्यात बुडवलं आणि झाकण लावून आळीतून निघाले.

पांढऱ्या कपड्यांतली माणसं सतरंजीवर बसली होती. मी सगळ्यांच्या देखत त्यांच्या चकचकीत टाकीत तो स्पंज पिळला. पाणी काळं झालं. कोणी पाहुणे ओरडले, "अहो बाई, ही कसली घाण टाकताय?"

"घाण नाही हो," मी म्हटलं, "बिऱ्हाडं आहेत. काकांचीच आहेत, परत आणलीत."

कोणाला काही कळलं नाही. काकींना कळलं. त्या तोंडाला पदर लावून हसल्या आणि हसता हसता रडायला लागल्या. त्या दिवसांतलं त्यांचं ते पहिलं रडणं, असं सून मला नंतर म्हणाली.

त्यांचे दोन मासे गेले, बाकीचे राहिले. जिलेबी तीन-चार दिवस रुसल्यासारखी कोपऱ्यात होती. मी रोज तिच्यासमोर बसून तिच्या मालकिणीला काय सांगायचं ते मनात घोकत होते. पाचव्या दिवशी ती खडे उकरायला लागली.

महिन्याभराने शाळेला निघाले असताना काकींचं दार उघडं होतं. त्या टाकीसमोर उभ्या होत्या. त्यांनी मधलं बोट पाण्यात बुडवलं, नाकाशी नेलं आणि डोळे मिटले. मी पायरीवरच थांबले. शाळेची एसटी निघून गेली असती तरी मी हलले नसते.

"बाई," डोळे न उघडता काकी म्हणाल्या, "खाचर."